चंबूतली थोरली सुपारी

आमच्या वाडीत घरं पाच. पाचही एकाच मूळपुरुषाची, म्हणजे सगळे भाऊबंद, आणि भाऊबंद म्हटले की एकमेकांच्या कुंपणावर नजर ठेवणं आलंच. त्यातलं माझं घर थोरलं. मी तिसरी शिकलो. चौथीच्या वर्षी वडिलांनी नारळ-पोफळीच्या आगरात शिंपण्याला लावला तो कायमचा. पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही. कोण बोलताना जमिनीकडे बघतो, कोण गरज नसताना हसतो, हे मला लहानपणापासून कळतं. लोक म्हणतात मी संशयी. म्हणोत. रत्नागिरीच्या बाजारात नारळ-सुपारी घालून मी घर चालवलं. डोळे मिटून व्यवहार केला असता तर छपरावर कौलं राहिली नसती.

सांगायची गोष्ट पालखीची आहे, आणि सुपारीची. ऐंशी सालानंतरची. तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती.

शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते ती घरोघर फिरते. येते सगळ्यांकडेच, बायका ओटी भरतात, नारळ देतात, पालखी पुढे जाते. पण प्रत्येक वाडीत एक रात्र ती मुक्काम करते. त्याला वस्ती म्हणतात. ज्या अंगणात वस्ती, त्या घराचा त्या वर्षीचा मान. बाकीच्या वाड्यांत ही वस्ती पाळीपाळीने फिरते. आमच्याकडे पाळी नाही. कुठल्या तरी पणजाच्या काळी पाळीवरून डोकी फुटली, तेव्हापासून सुपारी. फाकपंचमीला, म्हणजे शिमगा सुरू होतो त्या दिवशी, संध्याकाळी देवळात जमायचं. प्रत्येक घराने आपली एक सुपारी आणायची आणि तिला घरची खूण लावायची. आमची हळदीची. दुसऱ्याची कुंकवाची, तिसऱ्याची चुन्याची, चौथ्याची काजळाची, आणि पाचवी कोरी. देवळात तांब्याचा एक जुना चंबू आहे, पोट मोठं आणि गळा अरुंद. त्यात पाचही सुपाऱ्या टाकायच्या, खडखडा हलवायच्या, आणि चंबू पाटावर वाकडा करायचा. पहिली बाहेर पडेल त्या घरी वस्ती. देवाने बोट दाखवलं असं समजायचं आणि उठून घरी जायचं.

चंबू हलवायचा मान काजळाच्या घराचा. म्हणजे माझ्या चुलतभावाचा. वयाने माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणतो, आणि गरज नसताना हसतो.

आता आमच्या घरात या वस्तीची कोणाला एवढी निकड होती, ते सांगतो. मला नव्हती. मान मला पालखीने यावा असं काही नाही, थोरलं घर ते थोरलंच. निकड बायकोची होती. आमचा मुलगा तेव्हा मिरकरवाडा बंदरातल्या एका लाँचीवर खलाशी होता. पाऊस लागायच्या आधी एक वादळ आलं, सगळ्या लाँची परतल्या आणि ती एक परतली नाही. बायको उठली ती तडक देवळात गेली. देवासमोर काय बोलली ते मला नंतर कळलं. मुलगा सुखरूप येऊ दे. तुझी पालखी माझ्या अंगणात वस्तीला येईल त्या दिवसापर्यंत मी मासळी तोंडात घालणार नाही.

मुलगा आला. दाभोळच्या खाडीत शिरून बसले होते. पुढे त्याने समुद्र सोडला, मुंबईत गोदीत लागला. आणि बायकोची मासळी सुटली.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. पण जी बाई बांगड्याच्या वासाने भाकरी एकीच्या दोन खायची, जिच्या माहेरी जेवण म्हणजेच मासळी, तिने रोज आमच्यासाठी मासळीचं तिखलं करायचं, चव न घेता मीठ घालायचं, आणि आपण कुळथाच्या पिठल्याशी भात खायचा. मासळीची टोपलीवाली चाची दारात आली की ती बांगडा हातात घेऊन कल्ले उघडून बघायची, "आज ताजो हाय," म्हणायची आणि माझ्यापुरता घ्यायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगो, नवस असा बोलावा की फेडणं आपल्या हातात राहील. तू फेडणं दुसऱ्याच्या चंबूत टाकलंस."

"चंबू देवाचा हाय," ती म्हणाली.

"चंबू देवाचा. हात कोणाचा?"

ती बांगडा साफ करायला बसली. पण मी बोललो ते खरं होतं. पाच वर्षं फाकपंचमी आली नि गेली. पाच वर्षांत काजळाची सुपारी तीनदा पडली. तीनदा! कुंकवाची एकदा, चुन्याची एकदा. कोऱ्याचं घर मुंबईला असतं, कुलूप लावून; त्यांची सुपारी गुरव टाकतो. त्यांची पडली नाही. आणि आमची हळदीची पडली नाही. पाच घरं आणि पाच वर्षं. सरळ हिशेब आहे, एकेकाला एकेकदा. ज्याच्या हातात चंबू त्याला तीनदा आणि थोरल्या घराला पूज्य, याचा अर्थ काय तो आंधळ्यालाही कळेल.

पाचव्या वर्षी मी देवळाच्या पायरीवर त्याला म्हटलं, "काय रे, तुझ्या हाताला काजळ चिकटून असतं काय?"

तो हसला. "दादा, देवाच्या मनात असेल ता होणार."

"देवाच्या मनातलं तुला बरं आधी कळतं."

"आता तुम्ही थोरले, तुमच्यासमोर मी काय बोलू?" म्हणून चपला घालून चालू लागला. बघा, जमिनीकडे बघून बोलला.

त्याच साली मुलाचं लग्न झालं. सून रत्नागिरीची, शहरातली, बारावी झालेली. स्थळ आणलं होतं त्याच चुलतभावाने. मी सहा महिने हो म्हटलं नाही. त्याने आणलेलं स्थळ म्हणजे त्यात काहीतरी असणारच. पण मुलगी बघून आल्यावर मुलगा ऐकेना, आणि बायको म्हणाली की तुम्ही देवाच्या आरतीतसुद्धा खोट काढाल. लग्न झालं. मुलगा मुंबईत खोलीची सोय बघत होता, तोवर सून आमच्याकडे.

एका दुपारी मागच्या पडवीत मी नारळ सोलत होतो आणि सून तांदूळ निवडत होती. बायको आत होती. बोलता बोलता मी वस्तीचं सगळं सांगितलं, तीनदा काजळ आणि आपल्याला पूज्य. मला बघायचं होतं ती कोणाची बाजू घेते.

ती म्हणाली, "मामंजी, पाच वर्षांत एकदाही न येणं काही फार विशेष नाही हो."

म्हटलं, आली बाजू. "विशेष नाही कसं? पाच घरं, पाच वर्षं."

"पण चंबूला काय आठवतंय मागच्या वर्षी कोणाची पडली ते? दर वर्षी नवा डाव. दर वर्षी आपली संधी पाचात एक."

"तेच तर मी म्हणतोय. पाचात एक. पाच वर्षं झाली."

तिने जरा विचार केला. मग माझ्यापुढच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, "शंभर नारळ आहेत समजा. आपल्यासारख्या शंभर वाड्या. प्रत्येक वाडीत पाच घरं आणि एक थोरलं घर. पहिल्या वर्षी किती थोरल्या घरांना वस्ती मिळेल?"

"पाचवा हिस्सा. वीस."

"मग ते वीस बाजूला काढा. राहिले ऐंशी. दुसऱ्या वर्षी?"

नारळाचा हिस्सा काढणं माझ्या हातातलं काम. ऐंशीचा पाचवा हिस्सा सोळा. राहिले चौसष्ट. चौसष्टातले तेरा धरा, राहिले एक्कावन्न. एक्कावन्नातले दहा, राहिले एक्केचाळीस. एक्केचाळिसातले आठ.

"तेहेतीस," मी म्हटलं. आणि हातातला नारळ तसाच राहिला.

"शंभरातल्या तेहेतीस वाड्यांत थोरलं घर पाच वर्षं तसंच बसलेलं असणार. कोणी लबाडी न करता. तिनात एक."

मी मनातल्या मनात दुसऱ्यांदा काढून बघितलं. चूक सापडेना. म्हणून मी दुसरीकडून गेलो. "बरं, आपलं राहू दे. त्याला तीनदा कशी?"

"त्यांनाच तीनदा, असं विचारलंत तर शंभरात पाच-सहा वेळा. पण तीनदा कुंकवाच्या घराला आली असती तर तुम्ही कुंकवावर संशय घेतला असता. कोणाला तरी एकाला तीनदा, असं विचारा. ते शंभरात पंचवीसच्या वर जातं."

"आणि एकेकाला एकेकदा? जसं व्हायला हवं तसं?"

ती हसली. खरं हसली, गरजेचं. "ते शंभरात चारसुद्धा नाही. मामंजी, पाच वर्षांत पाच घरांना बरोबर एकेकदा आली असती ना, तर मी म्हटलं असतं, यात कोणाचा तरी हात आहे."

हे माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. म्हणजे बरोबर वाटणी झाली तर लबाडी, आणि वाकडी झाली तर देवाची करणी! असलं गणित कोण शिकवतं? रात्री जेवताना बायकोला म्हटलं, "सून त्याचंच माणूस हाय. त्याची बाजू गणिताने मांडते." बायको म्हणाली, "तुमच्या बाजूने गणित नाय बसलं तर गणित वाईट काय?" आणि माझ्या ताटात बांगडा वाढला. तिच्या ताटात सुक्या भाजीचा गोळा. मला तो बांगडा गेला नाही.

दोन-चार दिवसांनी मी सुनेला गाठलं. संशय एकदा आला की मी तो धरून चालतो, सोडत नाही, मग तो कोणावरही जाऊ दे. "तुझं पाचात एक," मी म्हटलं, "ते कशावरून? पाच सुपाऱ्या आहेत म्हणून? उद्या एका बाजूला बैल बांधला आणि एका बाजूला कोंबडं, तर काय दोनात एक होणार काय, कोण दोर तोडील ते?"

ती तांदूळ निवडता निवडता थांबली. "बैल आणि कोंबडं?" मग म्हणाली, "सुपाऱ्या सारख्या असतात ना? एका मापाच्या?"

"सारख्या कशा असतील? ज्याची त्याने आपल्या घरची आणायची. मी माझ्या आगरातली देतो. श्रीवर्धनी."

आता हे सांगितलं पाहिजे. वडील गेल्यावर मी श्रीवर्धनला माणूस पाठवून पोफळीची रोपं आणवली होती. तिकडची सुपारी मोठी, गोटीसारखी. आमच्या गावात तेव्हा असली सुपारी कोणाकडे नव्हती. झाडं धरायला लागल्यापासून फाकपंचमीला मी तीच नेत होतो, ढिगातली सगळ्यात मोठी निवडून. थोरल्या घराची सुपारी थोरलीच हवी. चुलतभाऊ आणायचा दुकानातली खडखडीत, वाळून सुरकुतलेली, आवळ्याच्या बीएवढी. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणायचो, देवाला तरी जरा बरी आण रे मेल्या. तो हसायचा.

सून उठली. देवघरातला चंबू घेऊन आली. तोही अरुंद गळ्याचा, देवळातल्यापेक्षा थोडा लहान. मी शिंक्यातून माझ्या सुपाऱ्यांतली एक काढून दिली, डब्यातल्या बाजारच्या बारक्या चार तिने घेतल्या. पाचही टाकल्या, हलवल्या, चंबू पाटावर वाकडा केला. बारकी पडली. तिने एक चिंचोका बाजूला ठेवला. पुन्हा. बारकी. पुन्हा. बारकी. मोठी गळ्याशी यायची, आडवी व्हायची, आणि तिच्या अंगाला घासून एखादी बारकी सटकायची.

"दे इकडे," म्हणून मी चंबू घेतला. तिचा हात बाईमाणसाचा, हलका. मी चांगला जोर लावून हलवला. बारकी.

पन्नास वेळा केलं. सारख्या असत्या तर पन्नासात मोठी दहादा यायला हवी, असं ती म्हणाली, दोन-तीन इकडेतिकडे. मोठी आली दोनदा. बायको दारात येऊन उभी राहिली होती, हात पदराला पुसत. तिने चिंचोक्यांच्या दोन ढिगांकडे बघितलं, एक एवढा आणि एक दोन दाण्यांचा, आणि आत गेली.

सून हळूच म्हणाली, "मामंजी, कोणी काही केलेलं नाही वाटतं."

"वाटतं," मी म्हटलं. "वाटतं म्हण. एवढ्यावरून त्याचे हात धुतले जात नाहीत." आणि ते खरंच होतं. सुपारी अडकत होती म्हणून त्याने कधी काही केलंच नाही, असं थोडंच सिद्ध होतं? उलट मला नवाच संशय आला. तो मुद्दाम बारकी आणत असेल. इतकी वर्षं कंजूष समजत होतो तो कंजूष नसेलच.

"तो नेहमीच बारकी आणतो काय गो?" मी बायकोला ओरडून विचारलं.

आतून उत्तर आलं, "तो सगळंच बारकं आणतो. त्याच्या पोरीच्या लग्नात जिलबी पण बारकी होती."

आता करायचं काय? सून म्हणाली, यंदा आपण पण बाजारची बारकी नेऊ. मी म्हटलं, ते होणार नाही. माझ्या आगरात श्रीवर्धनी लोंबकळत असताना मी दुकानातून फुटकळ सुपारी विकत आणून देवापुढे ठेवू? लोक काय म्हणतील, थोरल्याचं आगर बसलं? सुपारी मोठी असणं ही काही चूक नव्हे. गळा अरुंद आहे ही चंबूची चूक. दोन दिवस मी यावरच बसून राहिलो. मग मला सुचलं. आपली लहान का करायची? सगळ्यांच्या मोठ्या करू.

मी आगरातल्या सुपाऱ्या सोलल्या. सुनेने आपल्या हातातली अंगठी काढून दिली. ज्या त्या अंगठीत जेमतेम बसतात आणि पुढे जात नाहीत अशा निवडायच्या. तासभर खपलो. शेवटी पाच मिळाल्या, एकीसारखी दुसरी. त्या घालून आम्ही पुन्हा पन्नासदा चंबू हलवला, एकीला हळद लावून. या खेपेला हळदीची नऊदा पडली. "बघा," सून म्हणाली. मी म्हटलं, "दहा का नाही?" ती म्हणाली, "बरोबर दहा आली असती तर तुम्ही माझ्यावर संशय घेतला असता." पोरगी मला ओळखायला लागली होती.

फाकपंचमीला मी देवळात उभा राहून म्हटलं, "यंदा पाचही घरांची सुपारी माझ्या आगरातली. थोरल्या घराकडून. एका मापाच्या आहेत, खुणा आपापल्या करा."

मला वाटलं कौतुक होईल. कौतुक राहिलं बाजूला. मग चुलतभावाने एक सुपारी उचलली. कानाशी हलवली. दुसरी उचलली, दोन हातांत दोन धरून तोलली.

"दादा," तो म्हणाला, "तुम्हाला यंदा एवढा उदारपणा कुठून?"

"का? घेववत नाही?"

"तसां नाय. पण एकाच्याच घरातल्या पाची सुपाऱ्या... लोक म्हणतात हो. मी नाय म्हणत."

माझ्यावर संशय! माझ्यावर! अंगाची लाही झाली. गुरवाने मध्ये पडून सुपाऱ्या स्वतः निरखल्या, पाटावर ओळीने मांडून बघितल्या, आणि म्हणाला, "सारख्या हायत. घ्या." खुणा झाल्या. चुलतभावाला मी म्हटलं, "हलव आता. तुझाच मान." त्याने हलवला. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो, पापणी हलवली नाही. चंबू वाकडा झाला. गळ्याशी एक सुपारी येऊन थांबली, जरा डगमगली, आणि पाटावर घरंगळली.

काजळाची.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चुलतभाऊ तर पांढरा पडला. हसण्याचं नाव नाही. "दादा," तो म्हणाला, "देवाच्यान् सांगतो, मी काय केलं नाय. तुमच्याच सुपाऱ्या होत्या."

आणि इथे एक गोष्ट झाली जी मला आजही नीट सांगता येत नाही. मी तोंड उघडलं ते ओरडायला. पण तोंडातून निघालं, "पाचात एक होतं. पडली. चंबूला काय आठवतंय!" लोक माझ्याकडे बघतच राहिले. मी चपला घालून घरी आलो.

घरी बायको ओसरीवर उभी होती. माझ्या चालण्यावरून तिला कळलं. "कोण?" तिने विचारलं.

"तोच."

"बरं," म्हणाली आणि चुलीकडे वळली. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. आतापर्यंत मला वाटत होतं, लबाडी पकडली की तिची मासळी परत येईल. आता पकडायला कोणी राहिलं नव्हतं. लबाड नसला म्हणून नवस लवकर फिटत नाही. पाचात एक म्हणजे चार वेळा नाही, आणि ते चार एकापाठोपाठ किती वेळ चालतील ते कोणी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ दारात आला. ओसरीवर चढला नाही, अंगणातच उभा. "दादा, वहिनीचा नवस मला माहीत हाय. यंदा वस्ती तुमच्या अंगणात होऊ दे. मी मानकऱ्यांना सांगतो."

"मी मागितलीय?" मी म्हटलं. "थोरल्या घराला वस्ती भीक म्हणून नको."

"भीक कसली..."

आतून बायको बाहेर आली. तिने त्याला नमस्कार केला आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही बोललात तेवढंच बस. पण देव तुमच्याकडे यायचं म्हणाला. मी त्याला मध्येच वळवून आणला तर तो नवस फिटला असं मी कसं म्हणू?" तो मान खाली घालून गेला. या खेपेला जमिनीकडे बघितलं त्याचा मी काही अर्थ लावला नाही.

वर्ष गेलं. सून मुंबईला गेली. पुढच्या फाकपंचमीला मी पुन्हा पाच सुपाऱ्या काढल्या, तीच अंगठी तिने जाताना बायकोकडे ठेवली होती. आता कोणी काही विचारलं नाही, ती रीतच झाली. चुलतभावाने चंबू उचलला. हलवला. आणि वाकडा करायच्या आधी, क्षणभर, त्याने आत बघितलं.

मी ते पाहिलं. दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल. आत बघितलं, चंबू जरा कलता केला, अंगठा गळ्याच्या काठाशी होता की नव्हता, ते माझ्या बाजूने दिसत नव्हतं. मग त्याने चंबू पाटावर वाकडा केला.

हळदीची पडली.

ढोलवाल्यांनी देवळाबाहेर एकदम थाप मारली. गुरवाने माझ्या कपाळाला अंगारा लावला. चुलतभाऊ माझ्याकडे बघून हसत होता. गरजेचं होतं की नव्हतं? इतकी वर्षं माणसं ओळखतो म्हणणारा मी, मला ते ओळखता आलं नाही.

मी त्याच्याजवळ गेलो. "आत काय बघितलंस?"

"कुठे आत?"

"चंबूत. वाकडा करायच्या आधी."

"सुपाऱ्या हायत की नाय ता बघितलं, दादा," तो म्हणाला. "चला, वहिनीला सांगा."

मला तेव्हा जोराने विचारता आलं असतं. चारचौघांत चंबू पुन्हा हलवा म्हणता आलं असतं. दुसऱ्याच्या बाबतीत मी म्हटलं असतं. पण समजा त्याने दया करून हळदीची पुढे आणली असेल. मग ते देवाचं बोट नव्हे, त्याचं. आणि तिच्या हिशेबाने नवस फिटला नाही. हे मी बोललो तर ती ऐकेल आणि पुन्हा पिठलं-भात खाईल, मरेपर्यंत. आणि समजा त्याने काहीच केलं नसेल. पाचात एक म्हणजे कधीतरी पडणारच. सात वर्षांनी पडली. सून हेच सांगेल.

मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात संशय आला आणि तो गिळला असं हे एकदाच.

पालखी आली. रात्रभर आमच्या अंगणात खेळे नाचले, मुलगा-सून मुंबईहून आले होते, चुलतभावाने स्वतः मांडवाला खांब रोवले. सकाळी पालखी पुढच्या वाडीला गेली. बायको अंगण झाडत होती तेवढ्यात चाचीची हाक आली. बायको झाडू टाकून धावत गेली आणि बांगडे घेऊन आली. किती घेतले ते मी मोजले नाही. दुपारी तिने पहिल्यांदा स्वतःच्या ताटात तिखलं वाढून घेतलं, माझ्यासमोर बसली, आणि काटा बाजूला न काढता पहिला घास तोंडात घातला. मग काटा सापडला तेव्हा तो बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवला.

मी तिच्याकडे बघत बसलो होतो. डोक्यात तो चंबू, तो अंगठा.

"काय बघताय?" तिने विचारलं. "मीठ कमी झालंय?"

"नाय," मी म्हटलं. "बरोबर आहे. जेव."